हवामानाचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत एक चमकणारं पिवळं जॅकेट ठेवावं लागतं. २००८ पासूनचा नियम आहे. गाडी रस्त्यात बंद पडली की ते अंगात घालून मगच खाली उतरायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला तुम्ही लांबूनच दिसता. १७ नोव्हेंबर २०१८ च्या शनिवारी अडीच लाखांहून जास्त लोकांनी ही जॅकेटं बाहेर काढली आणि देशभरातले चौक आणि टोलनाके अडवले. गाडी कोणाचीच बंद पडली नव्हती. पण "आम्ही कोणाला दिसतोय का?" हे विचारायला त्याहून नेमका पोशाख सापडला नसता.

निमित्त इंधनावरच्या कराचं होतं. त्या वर्षी तो एकदा वाढलाच होता, जानेवारी २०१९ मध्ये डिझेलवर लिटरमागे आणखी साडेसहा सेंट वाढणार होते. सरकार म्हणत होतं, हे हवामानासाठी आहे. चौकातले लोक म्हणत होते, तुम्हाला जगाच्या शेवटाची चिंता आहे, आम्हाला महिन्याच्या शेवटाची. त्यात मॅक्रों सरकारने त्याच वर्षी श्रीमंतांच्या एकूण संपत्तीवरचा जुना कर काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. एका हाताने वरच्याला सूट द्यायची आणि दुसऱ्या हाताने, ज्याला गाडीशिवाय कामावर पोचताच येत नाही त्याच्याकडून वसूल करायचं, असा अर्थ लोकांनी काढला. तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. डिसेंबरात सरकारने वाढ मागे घेतली. या करातला कार्बन डायऑक्साइडवरचा दर तेव्हा टनाला ४४.६० युरो होता. तो तिथेच गोठला.

हवामानबदलाच्या राजकारणाचं आपल्या डोक्यातलं चित्र बहुधा असं असतं: एका बाजूला विज्ञान मानणारे, दुसऱ्या बाजूला न मानणारे, आणि मधे टीव्हीवरचा आरडाओरडा. न मानणारे आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो. पण गेल्या पंधराएक वर्षांत ज्या भांडणांनी सरकारांना माघार घ्यायला लावली, त्यातली बरीचशी बिलावरून झाली. बिल कोणाच्या नावावर फाडायचं, कधी, आणि पावतीवर काय लिहायचं. हा शेवटचा भाग क्षुल्लक वाटतो, पण घोडं अनेकदा तिथेच पेंड खातं.

एक लिटरचा हिशेब

पेट्रोलचा एक लिटर साधारण पाऊण किलो भरतो. जळल्यावर त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (पाऊण किलोतून सव्वादोन किलोच्या वर कसं, असं वाटेल. बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) हा वायू हवेत सोडायला पैसे पडत नाहीत, आणि जे फुकट टाकता येतं ते कमी करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच मांडलं होतं की दोघांच्या व्यवहाराचा भुर्दंड तिसऱ्याला बसत असेल, तर तेवढा कर त्या व्यवहारावर लावावा. कार्बन कर तो हाच. टनाला ८० डॉलर दर लावला तर पेट्रोलच्या लिटरमागे साधारण १८ सेंट पडतात. कोणी काय वापरावं हे सरकार सांगत बसत नाही. ज्याला धूर कमी करणं स्वस्तात जमतं तो आधी करतो, ज्याला जमत नाही तो कर भरतो.

दुसरा प्रकार परवान्यांचा. वर्षाला एकूण किती टन सोडायचे ते ठरवायचं, तेवढेच परवाने काढायचे आणि कंपन्यांना ते आपसात विकू द्यायचे. युरोपीय संघाने २००५ पासून हा मार्ग धरला. सुरुवातीला परवाने इतक्या सढळ हाताने वाटले की २००७ मध्ये त्यांची किंमत जवळपास शून्यावर आली. पुढे नियम आवळले गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तीच किंमत टनाला १०० युरोला टेकली.

कागदावर यात खोट काढणं अवघड आहे. मतपेटीपाशी मात्र गणित फिरतं. खर्च पंपाच्या मीटरवर आकड्यात दिसतो, आजच्या आज. फायदा काय, तर तीस वर्षांनंतर न आलेला पूर, तोही कदाचित दुसऱ्याच देशात न आलेला. न घडलेल्या गोष्टीचा फोटो छापता येत नाही. शिवाय तोटा खाणकामगार, ट्रकवाले, पोलाद कारखाने अशा मोजक्या लोकांवर एकगठ्ठा पडतो, आणि ते एकत्र येऊन रस्त्यावर उतरू शकतात. फायदा कोट्यवधी लोकांत चिमूटचिमूट वाटला जातो. चिमूटभर फायद्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

ओझोनच्या थराचं काय, तो प्रश्न जगाने सोडवलाच ना, असं कोणीतरी विचारतंच. सोडवला, १९८७ च्या माँट्रियल कराराने. पण तिथे घातक रसायनं बनवणाऱ्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांच्याकडे पर्यायी रसायन तयार होत आलं होतं. फ्रिजमधला वायू बदलला, फ्रिज वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही. कोळसा, तेल आणि गॅस यांचं तसं नाही. वीज, सिमेंट, खत, प्रवास, घरातली ऊब, सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पैसे परत मिळाले, तरीही

फ्रान्समध्ये लोक चिडले कारण कराचा पैसा सरकारी तिजोरीत गेला, मग तो लोकांना परत का देऊ नये? कॅनडाने नेमकं हेच केलं, आणि म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते.

२०१९ मध्ये जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारने ज्या प्रांतांची स्वतःची योजना नव्हती तिथे इंधनावर टनाला २० डॉलरचा दर लावला. दर वाढत वाढत २०२४ मध्ये ८० डॉलरवर पोचला. जमा झालेल्या रकमेतला साधारण ९० टक्के भाग कुटुंबांना परत जायचा, आणि तो किती पेट्रोल जाळलं यावर नाही तर कुटुंबात माणसं किती यावर ठरायचा. मोठं घर आणि दोन-तीन गाड्या असलेल्याने जास्त कर भरला तरी परतावा सारखाच. त्यामुळे कमी कमाईच्या घरांना थेट भरलेल्या करापेक्षा परतावा जास्त मिळेल, असा सरकारी हिशेब होता.

आता हा परतावा लोकांना दिसायचा कसा ते पाहा. आधी तो वार्षिक प्राप्तिकराच्या विवरणपत्रात एका ओळीत मिसळून यायचा. जुलै २०२२ पासून तो दर तिमाहीला थेट बँक खात्यात जमा होऊ लागला. पण त्याचं अधिकृत नाव होतं 'क्लायमेट ॲक्शन इन्सेंटिव्ह पेमेंट'. पासबुकातल्या नोंदीवरून हे पैसे कशाचे हे ओळखायला माणूस मंत्रालयात कामाला असायला हवा. आपल्याला परतावा मिळतो हेच अनेकांना माहीत नाही, असं पाहण्यांमध्ये दिसत राहिलं. सरकारने २०२४ मध्ये नाव बदलून सरळ 'कॅनडा कार्बन रिबेट' केलं, पण तोवर वरातीमागून घोडं झालं होतं. कर पंपावर ठळक दिसत होता, परतावा खात्यात मुका बसला होता. आणि विरोधी पक्षनेते पिएर पॉइलिव्हर यांच्याकडे 'ॲक्स द टॅक्स' ही यमक जुळणारी तीन शब्दांची घोषणा होती. कर उखडून टाका. तिच्यापुढे सरकारचे तक्ते टिकले नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रूडो यांनी घर तापवायच्या तेलाला तीन वर्षं करमाफी दिली. हे तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत वापरलं जातं. झालं, गॅसवर घर तापवणारे विचारू लागले, आम्ही काय पाप केलं? कर हवामानासाठी आहे हे सांगणं त्या दिवसापासून कठीण झालं, कारण मतांसाठी तो वाकवता येतो हे सरकारनेच दाखवून दिलं होतं. मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर असताना २०१५ मध्ये वित्तक्षेत्राला हवामानाच्या धोक्याबद्दल बजावणारे ते हेच. शपथ घेतल्याच्या दिवशीच त्यांनी ग्राहकांवरचा हा दर शून्यावर आणण्याच्या आदेशावर सही केली. मोठ्या कारखान्यांवरचा कार्बन दर मात्र चालू राहिला. त्यावर तशी घोषणा गाजली नाही, कारण तो कोणत्याही मीटरवर दिसत नाही.

स्वित्झर्लंडमध्येही असाच प्रकार आहे. तिथे कार्बन शुल्काचा बराचसा भाग लोकांना परत मिळतो, पण आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन. विम्याचं बिल इतक्या बारकाईने कोण वाचतं? जून २०२१ मध्ये शुल्क वाढवणारा कायदा सार्वमतात ५१.६ टक्के लोकांनी फेटाळला. दोनच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, २०५० पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचा कायदा सुमारे ५९ टक्क्यांनी मंजूर झाला. दुसऱ्यात नवा कर नव्हता, उलट घर तापवायची जुनी यंत्रणा बदलायला पैसे होते. देश तोच, लोक तेच, आणि हवामानाचं विज्ञान दोन वर्षांत काही बदललेलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात तर सगळी लढाई एका शब्दावर झाली. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २०१० च्या निवडणुकीआधी 'माझ्या सरकारात कार्बन कर येणार नाही' असं सांगितलं होतं. जुलै २०१२ मध्ये त्यांच्या सरकारने कार्बनवर टनाला २३ डॉलर किंमत लावली. तांत्रिकदृष्ट्या ती परवान्यांच्या बाजाराची पहिली पायरी होती, पण तिला कर म्हटलं तरी आपली हरकत नाही अशी कबुली गिलार्ड यांनी देऊन टाकली होती. विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी तो शब्द उचलला, निवडणूक जिंकली आणि जुलै २०१४ मध्ये कायदा रद्द केला. पुढे २०१७ मध्ये ॲबट यांच्या तेव्हाच्या प्रमुख सहायक पेटा क्रेडलिन यांनी जाहीरपणे सांगितलं की तो खरं तर कार्बन कर नव्हताच, आम्ही तो तसा करून दाखवला. असा प्रामाणिकपणा राजकारणात सहसा निवृत्तीनंतरच सुचतो.

मग करच नको, नुसतं अनुदान द्या. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात हा रस्ता धरला: सौरऊर्जा, बॅटरी, विजेच्या गाड्या यांना करसवलती, आणि कार्बनवर एक पैसाही नाही. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने बाजूने मत दिलं नाही. पण नव्या कारखान्यांचा मोठा वाटा रिपब्लिकन मतदारसंघांतच गेला, त्यामुळे हा कायदा आता कोणी मोडणार नाही असं मानलं जात होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन प्रतिनिधींनी सरसकट रद्द करू नका असं पत्रही सभापतींना दिलं. जुलै २०२५ मध्ये त्यातल्या बऱ्याच सवलती कापल्या गेल्या. त्यामुळे पैसा वाटला की पाठिंबा टिकतो, हे गृहीतकही कच्चंच ठरलं.

शंका पेरणारे

आता न मानणाऱ्यांबद्दल. हवामानबदल हा डावा-उजवा वाद नेहमीच नव्हता. नासाचे जेम्स हॅन्सन यांनी जून १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली, आणि त्याच सप्टेंबरात रॉयल सोसायटीतल्या भाषणात या धोक्याबद्दल बोलल्या त्या मार्गारेट थॅचर. थोरल्या जॉर्ज बुश यांनी त्याच वर्षीच्या प्रचारात हरितगृह परिणामाशी लढण्याचं आश्वासन दिलं होतं.

बिल येणार हे स्पष्ट होताच वातावरण पालटलं. एक्सॉन कंपनीतल्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७ मध्येच वरिष्ठांना तापमानवाढीची कल्पना दिली होती. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पुढच्या काही वर्षांत केलेले अंदाज बऱ्यापैकी खरे ठरले. बाहेर मात्र 'अजून खात्री नाही' हाच सूर लावला गेला. १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी ग्लोबल क्लायमेट कोअलिशन नावाची संघटना उभी केली. ती २००२ पर्यंत चालली. खोटं सिद्ध करायची गरजच नव्हती. वाद अजून चालू आहे असं वाटत राहिलं की पुरे.

थेट नकार आता फारसा खपत नाही. त्याची जागा दिरंगाईने घेतली आहे. 'करायचंच आहे, पण आत्ता नको.' 'आधी तंत्रज्ञान येऊ द्या.' 'तुम्ही स्वतः किती विमानप्रवास करता ते सांगा.' हे शेवटचं तर बेमालूम आहे. वैयक्तिक कार्बन फूटप्रिंट ही कल्पना घराघरात पोचवण्यात २००४ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. बिल कोणाच्या नावावर फाडायचं याचं इतकं चोख उत्तर दुसऱ्या कोणाला सुचलं नसेल.

पण 'आम्ही एकट्यांनी करून काय होणार' या प्रश्नाला नुसती दिरंगाई म्हणून उडवून लावता येत नाही.

देशादेशांतलं भांडण

तेच बिल, फक्त टेबलाभोवती आता देश बसलेत. दोषी कोण हे तुम्ही कोणती मोजपट्टी हातात घेता त्यावर ठरतं. यंदा कोणी किती सोडलं असं विचारलं तर चीन पहिला, जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ३० टक्क्यांच्या आसपास, आणि भारत तिसरा. औद्योगिक क्रांतीपासून आजवर कोणी किती सोडलं असं विचारलं तर अमेरिका पहिली, एकूण साठ्याचा साधारण चौथा हिस्सा. हा वायू शेकडो वर्षं हवेत राहतो, त्यामुळे जुना धूर मोजणं हा भावनेचा प्रश्न नाही. दरडोई विचारलं तर अमेरिकी माणूस वर्षाला सुमारे १४ टन, चिनी आठ-नऊ, भारतीय दोनच्या आसपास.

पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा मुद्दा रोखठोक मांडला होता: जगण्यासाठी होणारं उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारं उत्सर्जन एकाच तराजूत टाकू नका. १९९२ च्या रिओतल्या हवामान करारात जबाबदारी 'सामायिक पण वेगवेगळी' असं लिहिलं गेलं. अमेरिकी सिनेटला ते रुचलं नाही. उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो कराराच्या काही महिने आधी, जुलै १९९७ मध्ये, विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीही असा करार करणार नाही असा ठराव तिथे ९५ विरुद्ध शून्य मतांनी झाला. एरवी त्या सभागृहात असं एकमत दुर्मिळच.

या भांडणाचा एक क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. १३ नोव्हेंबर २०२१, ग्लासगो. संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद आदल्या दिवशीच संपायला हवी होती. मसुद्यात कोळशाची वीज 'टप्प्याटप्प्याने बंद करण्याबद्दल' एक वाक्य होतं. शेवटच्या तासात भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी 'बंद' ऐवजी 'कमी' असा बदल मांडला. लहान बेटांचे प्रतिनिधी संतापले, पण करार मोडू नये म्हणून त्यांनी बदल रोखला नाही. अध्यक्ष आलोक शर्मा यांनी माफी मागितली, बोलताना त्यांचा आवाज दाटून आला, आणि मग हातोडा पडला. दुसऱ्या दिवशी खलनायक भारत. कोळसा हाच ज्यांचा मुख्य आधार त्यांच्यावर बोट ठेवलं गेलं, पण त्या वाक्यात तेल आणि गॅस यांचा उल्लेखही नव्हता. हे प्रामुख्याने कोण जाळतं, हा प्रश्न बातम्यांत फार कमी विचारला गेला. बेटांचा राग मात्र शंभर टक्के खरा होता. त्यांचा धूर नगण्य, आणि समुद्र दारात.

पैशाचंही तेच. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत उभे करू असं सांगितलं. ते जमलं २०२२ मध्ये, त्यातही मोठा भाग कर्जाच्या रूपात. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांना वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर हवे होते. ठरले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत.

युरोपने मग आपल्या सीमेवर हिशेब मांडायला घेतला. बाहेरून येणारं पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत बनवताना किती कार्बन सुटला त्यावर शुल्क, जानेवारी २०२६ पासून. युरोपचा युक्तिवाद असा की आमचे कारखाने परवान्यांचे पैसे भरतात, बाहेरचे भरत नाहीत, मग धूर नुसता सीमेपलीकडे पळेल. भारत आणि चीन म्हणतात, हवामानाच्या नावाखाली ही व्यापाराची भिंत आहे. माझ्या मते दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं आहे.

कुठे जमलं असं विचाराल तर स्वीडनचं नाव येतं. १९९१ मध्ये कार्बन कर आला तो प्राप्तिकर घटवणाऱ्या मोठ्या करसुधारणेचा भाग म्हणून. दर हळूहळू चढवला, आणि घरं सामायिक तापयंत्रणेवर नेण्याचं काम आधीपासून चालू होतं, म्हणजे महाग इंधन सोडून कुठे जायचं याचं उत्तर लोकांकडे होतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही २००८ मध्ये कर लावताना दुसरे कर कापले, आणि पुढच्याच वर्षी 'कर उखडा' म्हणणारा विरोधी पक्ष निवडणूक हरला. तो करही १ एप्रिल २०२५ ला देशपातळीवरच्या कराबरोबर गेला.

फ्रान्सने पिवळ्या जॅकेटांनंतर वेगळा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून १५० सामान्य नागरिक निवडले, त्यांना तज्ज्ञ दिले, आणि महिनोन्‌महिने चर्चा करून त्यांनी जून २०२० मध्ये १४९ सूचना दिल्या. मॅक्रों यांनी त्या जशाच्या तशा पुढे नेण्याचा शब्द दिला होता. संसदेपर्यंत पोचताना अनेक सूचना पातळ झाल्या. त्या १४९ मध्ये घरांच्या दुरुस्तीपासून कमी अंतराच्या विमानांपर्यंत बरंच काही होतं. कार्बन कर वाढवा असं मात्र नव्हतं. त्या विषयाला हात लावायचा नाही, असं त्या नागरिकांनीच ठरवलं होतं.

आता युरोपीय संघ त्याच निखाऱ्यावर पुन्हा पाय ठेवतोय. वाहनांचं इंधन आणि घर तापवायचं इंधन यांच्यासाठी परवान्यांचा दुसरा बाजार २०२७ मध्ये सुरू व्हायचा होता. तो वर्षभर पुढे ढकलायचं ठरलं. या वेळी कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा निधी मात्र बिल येण्याआधीच, २०२६ पासून, सुरू करायची योजना आखली गेली: मूळ आराखड्यात सात वर्षांत ८६.७ अब्ज युरोपर्यंत, देशांचा वाटा धरून. फ्रान्समधली पिवळी जॅकेटं अर्थातच अजूनही गाडीत आहेत. नियमच आहे तो.